युद्धक्रीडा, लघुमूर्तींची

लघुमूर्तींची युद्धक्रीडा : इतिहासात घडलेल्या किंवा घडू शकल्या असत्या अशा लढाया सैनिकांच्या लहान मूर्ती व रणभूमीची छोटी प्रतिकृती यांच्या साहाय्याने, ठरावीक नियमांनुसार मेजावर अगर जमिनीवर खेळण्याचा छंद. ह्या क्रीडेत सामान्यतः दोन खेळाडू किंवा खेळाडूंचे दोन गट असतात. पायदळ, घोडदळ, तोफखाना यांच्या हालचाली मोजपट्टीने मोजल्या जातात; मारा, हातघाई व सैनिकांचे मनोधैर्य यांचा निकाल फासे टाकून व कोष्टके पाहून लावला जातो. मूर्ती घडविणे व रंगविणे, पोशाख-शस्त्रे-निशाणे यांचा अभ्यास, रणभूमीची रचना आणि प्रत्यक्ष खेळ अशी ह्या छंदाची चार अंगे आहेत. त्यांपैकी पहिल्या तीन अंगांशी मिळतीजुळती अशी एक देशी परंपरा महाराष्ट्रात रूढ आहे; ती म्हणजे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर मावळ्यांची चित्रे मांडण्याची.

पूर्वेतिहास : युद्धाचे खेळात रूपांतर करण्याची कल्पना प्राचीन आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ह्या चार सेनांगांवरून नाव पडलेला ‘चतुरंग’ हा भारतीय खेळ तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात त्याचा उल्लेख आढळतो. त्यापासून विकसित झालेल्या बुद्धिबळात सेनांगांची नावे टिकली, परंतु रणभूमी मात्र नाहीशी झाली. पटावर नदी, टेकडी, चिखल वा गाव नसते. दोन्ही सैन्ये समबल असतात. सर्व सोंगट्या दोन्ही खेळाडूंना सतत दिसतात आणि दैवाला तेथे वाव नसतो. युद्धात यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून आधुनिक युद्धक्रीडा जन्मास आली.

जर्मनीतील ब्रन्सविक येथील गणिताचे शिक्षक योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या चौकोनांनी भूरूपे दाखविली. प्रशियातील गेओर्ख लेओपोल्ट फोन राइसव्हित्स यांनी १८१२ मध्ये चौकोनांचे बंधन काढून टाकले. त्यांचे लष्करी अधिकारी असलेले चिरंजीव यांनी १८२४ मध्ये ह्या खेळाचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. त्यांत १ : ८,००० प्रमाणाचा नकाशा, सैन्यतुकड्या दर्शविणारे ठोकळे, फासे, हानीची कोष्टके आणि निःपक्ष पंच यांचा समावेश होता. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत व शत्रूची जेवढी फौज खरोखर दृष्टीस पडली असती तेवढीच पंच त्यांना दाखवी. प्रशियाच्या सेनेने प्रशिक्षणासाठी ह्या खेळाचा स्वीकार केला. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील विजयानंतर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला.

लष्करी प्रशिक्षणातून हा प्रकार घरगुती करमणुकीत येण्यास खेळण्यांचा उद्योग कारणीभूत झाला. इंग्लंडमधील ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास सुरुवात केली. पोकळ ओतकामामुळे धातू कमी लागून किंमत उतरली व मध्यमवर्गीय घरांत सैनिकांच्या पलटणी जमू लागल्या. कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये लिट्ल वॉर्स हे पुस्तक प्रसिद्ध करून अशा सैनिकांसाठी सोपे नियम दिले. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून काडी उडवून मूर्ती पाडणे, हे त्यांच्या खेळातील माऱ्याचे साधन होते. वेल्स स्वतः युद्धविरोधी होते. खऱ्या युद्धाची खुमखुमी असणाऱ्यांनी ती दिवाणखान्यात भागवावी, असा त्यांचा उपरोधिक रोख होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या छंदाला संघटित रूप आले. अमेरिकेत जॅक स्क्रबी यांनी १९५७ मध्ये ह्या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, तर इंग्लंडमध्ये डॉनल्ड फेदरस्टोन यांच्या वॉर गेम्स (१९६२) ह्या पुस्तकाने अनेकांना ह्या छंदाकडे वळविले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ने प्राचीन काळातील सैन्यांसाठी संशोधनावर आधारलेले नियम तयार केले. १९७४ पासून लोकप्रिय झालेल्या कल्पितकथांवरील भूमिकाखेळांचा उगमही मध्ययुगीन लघुमूर्तींच्या युद्धक्रीडेतच झाला.

साहित्य व प्रमाण : मूर्ती मुख्यतः शिसे, कथील इत्यादींच्या मिश्रधातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. मूर्तीच्या उंचीवरून त्यांचे वर्ग पडतात. ५४, २८, १५ व ६ मिमी. हे विशेष प्रचलित आहेत. मूर्ती मोठी असेल तितका पोशाखाचा तपशील दाखविता येतो, परंतु मेजावर मावणारी लढाई तितकीच लहान होते. अनेक मूर्ती एका पातळ बैठकीवर चिकटवून त्यांची एक तुकडी केली जाते.

ह्या क्रीडेत एकाच वेळी तीन निरनिराळी प्रमाणे वापरली जातात. पहिले मूर्तीचे. २८ मिमी. उंचीची मूर्ती माणसाच्या सु. १/६० असते. दुसरे संख्येचे. एक मूर्ती वीस सैनिकांबद्दल मानल्यास ६०० शिपायांची पलटण ३० मूर्तींची होते. तिसरे भूमीचे. मेजावरील १ मिमी. म्हणजे प्रत्यक्षातील १ मी. असे धरल्यास १८० × १२० सेंमी. मेजावर १·८ × १·२ किमी. एवढी रणभूमी मावते आणि शंभर मीटर पल्ल्याची बंदूक मेजावर १० सेंमी. अंतरावर लागू पडते. ह्या प्रमाणांचा परस्परांशी मेळ बसत नाही. भूमीच्या प्रमाणाने पाहिल्यास २८ मिमी. उंचीचा शिपाई २८ मी. उंच ठरतो, दोन रांगांत उभ्या असलेल्या पलटणीची खोली प्रत्यक्षात दोन-तीन मीटर, म्हणजे मेजावर दोन-तीन मिलिमीटर असावयास हवी, परंतु मूर्ती तीन-चार सेंटिमीटर जागा व्यापतात. त्यामुळे मेजावरचे गाव दोन-तीन घरांनी व जंगल सात-आठ झाडांनी सूचित करावे लागते. हा दोष टाळता येण्यासारखा नसल्याने नियमकर्ते तो पत्करून पलटणीच्या आघाडीची रुंदी तेवढी शक्य तितकी खरी ठेवतात. कारण कोणती फौज कोणास बगल देऊ शकेल, हे रुंदीवर अवलंबून असते.

नियमांची तत्त्वे : खेळ पाळ्यांनी चालतो. प्रत्येक पाळीत हालचाल, मारा, हातघाई व मनोधैर्याची कसोटी हे टप्पे ठरलेल्या क्रमाने येतात. फाशांचा उपयोग केवळ नशिबासाठी नसतो. दोन फाशांची बेरीज २ ते १२ पर्यंत येऊ शकत असली, तरी ३६ शक्यतांपैकी सहांत ती ७ व केवळ एकेकीत २ किंवा १२ असते. म्हणून नेहमीचा निकाल मधल्या आकड्यांवर व विलक्षण निकाल टोकाच्या आकड्यांवर ठेवता येतो. कसलेली पलटण, उंचावरची जागा, तटाचा आडोसा यांबद्दल फाशांच्या बेरजेत भर घातली जाते. थकवा, सेनापतीचा मृत्यू, पिछाडीवर शत्रू यांबद्दल वजावट होते. मनोधैर्याच्या कसोटीला बहुतेक नियमांत मोठे महत्त्व असते, कारण बऱ्याच लढायांचा निकाल शेवटचा शिपाई पडल्याने नव्हे, तर फौज मोडून पळू लागल्याने लागलेला आहे.

खेळाचा निकाल प्रामाणिक राहणे पंचाच्या निःपक्षपातावर अवलंबून असते. मिडवेच्या लढाईपूर्वी, मे १९४२ मध्ये, जपानी आरमाराने केलेल्या मेजावरील सरावात दोन विमानवाहू जहाजांवर बुडण्याइतके बाँब पडल्याचा निकाल फाशांनी दिला. परंतु सरावाचे प्रमुख असलेल्या आरमारी अधिकाऱ्याने बाँबच्या माऱ्याची संख्या कमी करून तो फिरविला, असे नमूद आहे. जूनमधील प्रत्यक्ष लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली.

मराठ्यांच्या लढाया : पाश्चात्त्य देशांतील खेळाडूंत पानिपत (१७६१) व असई (१८०३) ह्या लढाया परिचित असून मराठी फौजांच्या लघुमूर्तीही तिकडे तयार होतात. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. मराठ्यांकडे कवायती पलटणी व सु. शंभर तोफा होत्या. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच त्यांच्या दरम्यान उतार असलाच पाहिजे, असे वेलस्लीने ताडले व तेथून नदी ओलांडून तो मराठ्यांच्या बगलेवर आला. मराठी पलटणींनीही तत्परतेने आघाडी बदलली व गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत लढले. ब्रिटिशांकडील सु. १,६०० माणसे मेली वा जखमी झाली. ही लढाई मेजावर मांडताना मुख्य अडचण तोफांच्या पल्ल्याची नसून माहितीची असते. उतार मेजावर रंगविला, तर दोन्ही खेळाडूंना तो आधीच ठाऊक असतो आणि लढाईचा प्राणच नाहीसा होतो. म्हणून पंच उताराची जागा गुप्त ठेवतो, किंवा उतार सापडेल की नाही हे फाशांवर सोपवितो.

मराठ्यांच्या सतराव्या शतकातील युद्धपद्धतीबाबत अडचण आणखी वाढते. गनिमी काव्यात समोरासमोर लढाई टाळणे, रसद तोडणे, चारा जाळणे व शत्रूला गैरसोयीच्या जागी खेचणे ह्यांस महत्त्व असते. दोन्ही फौजा समोरासमोर मांडून आरंभ होणाऱ्या खेळात अशा फौजेचा सेनापती पहिल्याच पाळीत माघार घेईल, तर तो शहाणपणाने वागला असे म्हणावे लागेल. परंतु खेळ मात्र संपेल. त्यामुळे अशा मोहिमा प्रथम नकाशावर खेळून, गाठ पडली तरच मेजावर मूर्ती मांडण्याची पद्धत अवलंबितात.

दिवाळीचा किल्ला : पुणे जिल्ह्यात व महाराष्ट्राच्या इतर अनेक भागांत सहामाही परीक्षा संपल्यावर मुले अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा इमारतीच्या आवारात किल्ला करतात. दगड-विटांच्या ढिगावर पोती पसरून त्यांवर चिखलाचा लेप देतात. तटबंदी, बुरूज, दरवाजा, बालेकिल्ला, टाके व पायऱ्या घडवितात. हळीव, मोहरी किंवा गहू पेरून रोज पाणी शिंपडल्यावर चार-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, पायऱ्यांवर व बुरुजांवर मावळे, दाराशी तोफा, गुहेत वाघ आणि पायथ्याशी गवळण, शेतकरी, विहीर असे गाव मांडतात. चित्रे शाडूची किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असून कुंभार ती साच्यांतून काढून रंगवितात. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्याची व माहितीफलक लावण्याची प्रथा स्पर्धांमुळे वाढीस लागली आहे.

युद्धक्रीडेशी ह्याचे साम्य उघड असले, तरी भेदही मूलभूत आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो. मावळे पहारा देतात, लढत नाहीत. तेथे नियम, पाळ्या, फासे व हारजीत नाही. प्रमाणाचा प्रश्न तेथेही आहे, पण तो निराळ्या रीतीने सोडविलेला असतो. महाराजांची मूर्ती सर्वांत मोठी, मावळा दरवाजाहून उंच आणि वाघ तोफेएवढा असतो. येथे आकार अंतरावरून किंवा संख्येवरून न ठरता मानावरून ठरतो. एका दृष्टीने हा इतिहासाचा खेळ नसून इतिहासाचा देखावा आहे. तथापि पाणी कोठे साठेल, वाट कोणत्या बाजूने चढेल, दरवाजा बुरुजाआड का असावा, हे प्रश्न मुलांना चिखलात हात घालूनच सोडवावे लागतात आणि दुर्गशास्त्राची पहिली ओळख त्यांतून होते.

बारामती-इंदापूर परिसर : लघुप्रतिकृती काय दाखविते आणि काय वगळते, हे पाहण्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके उपयुक्त आहेत. हा पर्जन्यछायेतील सपाट प्रदेश आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि बारामतीवरून वाहत जाऊन नीरेस मिळणारी कऱ्हा ह्या त्याच्या नद्या होत. नीरा-भीमेचा संगम इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे होतो. भोसल्यांच्या जहागिरीतील सुपे व इंदापूर ही ठिकाणे ह्याच टापूतील. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. ह्या लढाईच्या वर्षाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. इंदापूर येथे त्यांची गढी व छत्री दाखविली जाते. सुप्याचा ताबा महाराजांनी आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून १६५६ मध्ये घेतला.

म्हणजेच ह्या प्रदेशाचा लष्करी इतिहास डोंगरी किल्ल्यांचा नाही. तो घोडदळाचा, नदीच्या उतारांचा व गावोगावच्या गढ्यांचा आहे. जाड भिंतींची व कोपऱ्यांवर बुरूज असलेली गढी मैदानी मुलखात वतनदाराचे घर, कोठार व आश्रयस्थान अशी तिन्ही कामे करी. तोफांच्या दीर्घ माऱ्यापुढे ती टिकणारी नव्हती, पण फिरत्या घोडदळाला काही काळ थोपविण्यास पुरेशी होती. परंतु दिवाळीत येथील अंगणांतही सामान्यतः उभा राहतो तो सह्याद्रीतला गिरिदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड व राजगड आहेत, मैदानातील गढी एकही नाही. गिरिदुर्ग स्वराज्याचे प्रतीक झाला, हे स्वाभाविकच होय; पण ज्या मुलखात खेडी लुटली गेली, पिके तुडविली गेली आणि आश्रयासाठी मातीच्या भिंतींपलीकडे काही नव्हते, त्या मुलखाची आठवण प्रतिकृतीत उतरत नाही.

ह्या परिसरातील एखादी मोहीम मेजावर मांडावयाची झाल्यास आजच्या नकाशावर विसंबता येत नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाने भीमाकाठचे जुने घाट व उतार पाण्याखाली घेतले. पळसदेवचे प्राचीन मंदिरही बुडितात गेले असून पाणी ओसरल्यावरच ते उघडे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर भागांत बागायत वाढली. जेथे आज उसाचे फड घोडेस्वाराची दृष्टी व वाट दोन्ही अडवतील, तेथे त्या काळी बाजरी-ज्वारीची शेते व माळराने होती. म्हणून मेजावर पात्र अरुंद, उतार पंचाच्या नोंदीत आणि माळ मोकळा ठेवावा लागेल. नियमांत ऋतूलाही स्थान द्यावे लागेल : सह्याद्रीत पाऊस पडल्यावर येथे पाऊस नसतानाही भीमेला पूर येतो आणि उतार बंद होतात, मोहिमांचा आरंभ दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने होत असे त्याचे हेही एक कारण आहे. चारा, विहिरींचे पाणी व गढीतील धान्य यांचा हिशेब ठेवल्याशिवाय घोडदळाच्या हालचालींना अर्थ उरणार नाही. इंदापूरच्या लढाईचा फौजवार तपशील उपलब्ध नसल्याने तिचा ‘हुबेहूब’ खेळ करणे मात्र सयुक्तिक नव्हे. तशा काळातील गढीचा बचाव किंवा नदी ओलांडणाऱ्या तुकडीचा पाठलाग एवढाच विषय घेणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य ठरते.

मूल्यमापन : लघुमूर्तींच्या युद्धक्रीडेवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला नैतिक. ज्या घटनेत हजारो माणसे मेली तिला करमणुकीचा विषय करणे अनुचित होय आणि मेजावर जखमींचे विव्हळणे, लुटलेली गावे व दुष्काळ दिसत नसल्याने युद्धाविषयी खोटे आकर्षण निर्माण होते, असे आक्षेपक म्हणतात. दुसरा ज्ञानविषयक. नियमकर्त्याने जे गृहीत धरले तेच खेळातून सिद्ध होते. एखाद्या फौजेला त्याने आधीच कमी मनोधैर्य दिले, तर ती मेजावर हरणारच. भारतीय फौजांविषयीच्या वसाहतकालीन समजुती नियमांत नकळत शिरू शकत असल्याने हा आक्षेप मराठ्यांच्या लढायांबाबत विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

ह्या आक्षेपांत तथ्य आहे. तथापि नियम लिखित असल्यामुळे त्यांतील गृहीतके तपासता व बदलता येतात, ही सोय रसाळ युद्धवर्णनांत नसते. खेळाडूला सेनापतीच्या जागी बसून अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. झालेला निकाल हाच एकमेव शक्य निकाल नव्हता, हे त्याच्या ध्यानी येते आणि विजयाचे सर्व श्रेय वीराला व पराजयाचा सर्व दोष फितुराला देण्याची सवय सैल पडते. दिवाळीच्या किल्ल्यात आदर असतो पण प्रश्न थोडे; युद्धक्रीडेत प्रश्न असतात पण आदर व दुःख यांना जागा थोडी. गावाच्या शेजारची गढी पाहून, तिचे मोजमाप घेऊन, नदीचे जुने उतार वयस्क माणसांना विचारून मुलांनी तिची प्रतिकृती केल्यास दोहोंतील गुण एकत्र येऊ शकतात. अनेक गढ्यांच्या भिंती पावसाने व माती वाहून नेल्याने खचत असल्याने अशा मोजमापांना खेळापलीकडचे मूल्यही आहे.